‘ढ’ म्हणण्यापूर्वी तपासणी

गोरेगाव पूर्वेला आरे दुग्ध वसाहतीच्या हद्दीत २७ आदिवासी पाडे आहेत. १९४९ मध्ये दूध योजनेसाठी या वसाहतीची उभारणी सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून वारली, मल्हार कोळी, कोकणा या जमातींची कुटुंबे येथे राहत आली आहेत. केलटीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा अशा वस्त्यांतील मुले महापालिकेच्या आणि भोवतालच्या शाळांत जातात. चौथी-पाचवीत पोचूनही धड्यातील एक परिच्छेद सलग वाचता येत नाही, असे मूल या शाळांच्या कोणत्याही वर्गात आढळू शकते. तसे ते दादर किंवा पार्ल्याच्या नामांकित शाळेतही आढळते. फरक पुढे पडतो. पार्ल्यातील पालक शिक्षकांच्या सूचनेवरून मुलाला मानसशास्त्रज्ञाकडे नेतात. पाड्यावरील मुलाच्या वाट्याला ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा येण्याची, आणि काही वर्षांनी त्याची शाळाच सुटण्याची शक्यता अधिक असते.

मूल वाचत का नाही, या प्रश्नाची उत्तरे अनेक असू शकतात. त्याला नीट शिकविलेच गेले नसेल. शाळेची भाषा त्याच्या घरी बोलली जात नसेल. त्याला फळा दिसत नसेल किंवा ऐकू कमी येत असेल. त्याची एकूण बौद्धिक वाढ मंद असेल. किंवा बुद्धी, डोळे, कान, शिकवणी हे सारे ठीक असूनही केवळ अक्षरे वा अंक हाताळण्याची मेंदूची प्रक्रिया वेगळी असेल. या शेवटच्या अवस्थेस ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ म्हणतात. वरवर पाहता ही सर्व मुले सारखीच दिसतात. उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा असतो. मानसशास्त्रीय व शैक्षणिक तपासणी करावयाची ती हा फरक ओळखण्यासाठी.

कायद्यातील स्थान

अक्षर ओळखण्यातील या अडचणीची नोंद वैद्यकशास्त्राने एकोणिसाव्या शतकातच घेतली होती. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द १८८७ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी प्रथम वापरला. १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चुणचुणीत असूनही वाचता न येणाऱ्या एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेतील सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा रूढ केली.

महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास १९९६ पासून औपचारिक सुरुवात झाली. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्थाही मुंबईत त्याच वर्षी स्थापन झाली. डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय घराघरांत पोचविला. देशपातळीवर मात्र कायद्याची मान्यता मिळण्यास २०१६ साल उजाडावे लागले. अपंग व्यक्तींसाठीच्या आधीच्या, १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारांची यादी होती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने ती २१ वर नेली आणि तीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. वाचनातील अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातील डिसग्राफिया आणि गणितातील डिसकॅल्क्युलिया या संज्ञा कायद्याच्या व्याख्येत आहेत. अशी अक्षमता लवकरात लवकर शोधून योग्य अध्यापनाचे उपाय योजणे ही शाळांची जबाबदारी असल्याचेही याच कायद्यात म्हटले आहे.

तपासणीचे टप्पे

या तपासणीत एकच एक निर्णायक चाचणी नसते. रक्त तपासून किंवा मेंदूचे चित्र काढून ही अक्षमता सांगता येत नाही. अनेक बाजूंनी माहिती गोळा करून इतर कारणे एकेक वगळावी लागतात.

पहिला टप्पा शाळेतला. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी मुलांची प्राथमिक चाळणी करावी आणि त्यासाठी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेत समिती असावी, असे म्हटले होते. या सूचना मार्च २०२४ मध्ये सुधारण्यात आल्या. शिक्षकांना ही चाळणी करता यावी म्हणून एनसीईआरटीने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ हे मोबाइल ॲप आणले. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची लक्षणे प्रश्नावलीच्या रूपात दिलेली आहेत. अशी चाळणी हे निदान नव्हे. या मुलाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, एवढेच ती सांगते.

दुसरा टप्पा डॉक्टरांचा. बालरोगतज्ज्ञ मुलाच्या जन्माचा व वाढीचा इतिहास विचारतात. फिट, दीर्घ आजार, शाळेतील गैरहजेरी यांची नोंद घेतात. दृष्टी व श्रवण तपासले जाते. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला ‘प’ आणि ‘ब’, ‘त’ आणि ‘द’ यांतील फरक नीट ऐकू येत नसेल, तर त्याच्या शुद्धलेखनाच्या चुकांचे मूळ कानात असते. चंचलता व अवधानाचा अभाव, चिंता, घरातील ताण यांचीही चौकशी याच टप्प्यावर होते. अवधानाचा दोष आणि अध्ययन अक्षमता अनेकदा एकाच मुलात आढळतात, त्यामुळे एक सापडले म्हणून दुसरे शोधायचे थांबता येत नाही.

तिसरा टप्पा बुद्धिमापनाचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मुलाला एकट्याने समोर बसवून ही चाचणी घेतात. तिचे दोन भाग असतात. शाब्दिक भागात सामान्य ज्ञान, शब्दार्थ, दोन वस्तूंतील साम्य, तोंडी हिशेब, ऐकलेले आकडे त्याच क्रमाने आणि उलट क्रमाने म्हणणे असे प्रश्न असतात. कृतीच्या भागात चित्रातील उणीव ओळखणे, रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळविणे, तुकडे जोडून आकृती करणे अशी कामे असतात. एकूण गुणांइतकेच महत्त्व या दोन भागांतील तफावतीला असते.

चौथा टप्पा शैक्षणिक. विशेष शिक्षक मुलाला उतारा मोठ्याने वाचावयास लावतात, श्रुतलेखन घेतात, स्वतःच्या मनाने चार ओळी लिहावयास सांगतात, उदाहरणे सोडवून घेतात. मूल पाचवीत असेल, तर त्याला चौथी, तिसरी, दुसरीचा मजकूर देत देत ते नेमके कोणत्या पातळीवर आहे हे पाहिले जाते. मुंबईतील रुग्णालयांत मुलाची वाचन-लेखनातील किंवा गणितातील कामगिरी त्याच्या इयत्तेच्या दोन वर्षे मागे असणे ही निदानाची खूण मानली जात आली आहे. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ संस्थेने तयार केलेला चाचणीसंच यासाठी देशभर वापरला जातो. त्यात अवधान, वाचन, लेखन, आकलन, गणित, आकृती पाहून काढणे, दृक् व श्राव्य स्मरण यांच्या चाचण्या आहेत. ५ ते ७ आणि ८ ते १२ अशा दोन वयोगटांसाठी त्याचे दोन भाग आहेत.

हे सारे एका दिवसात होत नाही. मूल दमले, घाबरले किंवा उपाशी असले तर गुण खाली येतात, म्हणून चाचण्या वेगवेगळ्या दिवशी विभागून घ्याव्या लागतात. शेवटच्या भेटीत पालकांना निष्कर्ष समजावून सांगितला जातो. ही भेट टाळून केवळ कागद हाती घेतला, तर तपासणीचा निम्मा उपयोग वाया जातो.

मराठी अक्षरांतील अडथळे

डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे, हा समज इंग्रजीतील ‘बी’ आणि ‘डी’ या अक्षरांच्या उदाहरणामुळे पसरला. प्रत्यक्षात अडचण मुख्यतः ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालण्यात असते. त्यामुळे प्रत्येक भाषेत ती निराळ्या रूपाने दिसते. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ ढिला असल्याने चुका ठळक दिसतात. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच पक्के आहे. म्हणून मराठी माध्यमातील असे मूल वाचते ते पुष्कळदा बरोबर, पण अत्यंत हळू, एकेक अक्षर सुटे करून. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याला वाक्याची सुरुवात आठवत नाही, आणि अर्थ हाती लागत नाही. बरोबर वाचले म्हणून शिक्षकांचे समाधान होते आणि अडचण झाकली जाते.

चुका होतात त्यांच्याही जागा ठरलेल्या असतात. काना, मात्रा, वेलांटी गाळणे. ‘रस्ता’चे ‘रता’ आणि ‘पुस्तक’चे ‘पुतक’ होणे. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांत गोंधळ होणे, ही नेहमीची उदाहरणे होत. ‘र’ हे अक्षर तर ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांत चार वेगळ्या रूपांत येते, आणि तेथे असे मूल हमखास अडखळते. याउलट ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून काहीच सिद्ध होत नाही. मराठी बोलताना हा भेद फारसा ऐकू येत नसल्याने पदवीधरांच्या लेखनातही त्या सर्रास आढळतात. मुलाने धडा पाठ केला असल्याची शंका असेल, तर तपासनीस ‘टमीप’, ‘गोरदा’ असे निरर्थक शब्द वाचावयास देतात. पाठांतराचा आधार तेथे संपतो आणि अक्षरे जुळविण्याची खरी क्षमता कळते.

गणिताचेही तसेच आहे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच आणि मग वीस येतो. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ५ लिहावा लागतो. ‘एकोणतीस’ या शब्दात तर ना दोन ऐकू येतो ना नऊ. म्हणून दुसरीतील मुलाने पंचवीसला ५२ लिहिले, तर ती चूक भाषेचीही असू शकते. याच कारणाने बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची जोड दिली आणि त्यावर राज्यभर वाद झाला. हाच गोंधळ चौथी-पाचवीतही कायम राहिला, दोन संख्यांतील लहानमोठेपणा कळेना, बोटे मोजल्याशिवाय साधी बेरीज होईना, तर मात्र डिसकॅल्क्युलियाचा विचार करावा लागतो.

घरची बोली, चाचणीची भाषा

आरेतील मुलांच्या बाबतीत तपासणीची सर्वांत नाजूक बाजू भाषेची आहे. पाड्यावरील अनेक घरांत वारली बोली बोलली जाते. वसाहतीतील इतर वस्त्यांत हिंदी व अन्य भाषा ऐकू येतात. शाळेत पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी, किंवा अलीकडे इंग्रजी. मानसिक विकारांचे वर्गीकरण करणाऱ्या अमेरिकी ‘डीएसएम’ या मार्गदर्शिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत याबाबत स्पष्ट अट आहे. शिकविण्याच्या भाषेवर प्रभुत्व नसणे किंवा पुरेसे शिक्षणच न मिळणे या कारणांनी मूल मागे असेल, तर त्यास अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही. शिवाय, खास मदत देऊनही किमान सहा महिने अडचण टिकून राहिली पाहिजे.

कागदावर सोपी वाटणारी ही अट प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी चुकू शकते. घरची बोली वेगळी असलेल्या निरोगी मुलावर ‘अक्षम’ असा शिक्का बसू शकतो. आणि खरोखर अक्षमता असलेल्या मुलाकडे ‘यांच्या घरी कोणी शिकलेले नाही, असे चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष होऊ शकते. साथीच्या काळाने हा पेच वाढविला. जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेली मुंबईतील मुले जवळपास दोन वर्षे नियमित वर्गात बसलीच नाहीत. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तो घेऊन वडील कामावर जात, तेथे अक्षरओळखीचा पायाच राहून गेला. अशा मुलाचे मागे पडणे हे शिक्षणाचा अभाव, की अक्षमता, हे एका चाचणीने सांगता येत नाही. काही महिने नेटाने शिकवून ते किती पुढे सरकते हे पाहणे, हीच तेथे खरी कसोटी ठरते.

चाचण्यांचाही स्वतःचा इतिहास आहे. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती सर्वसाधारण वर्गात मागे पडणाऱ्या व खास शिक्षणाची गरज असलेल्या मुलांना शोधण्यासाठी. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाड येथे तिचे मराठी व कन्नड रूपांतर केले. ‘बिने-कामत’ नावाने ती पुढे अनेक दशके वापरात राहिली. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातील आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी प्रसिद्ध केली. अमेरिकेतील वेक्स्लर चाचणीवर ती आधारित आहे. आजही भारतातील अनेक रुग्णालयांत हीच ‘मालिन’ चाचणी घेतली जाते. म्हणजे, मुलांची क्षमता मोजणारी पट्टी अर्ध्या शतकाहून जुनी आहे.

सामान्य ज्ञानाचे व शब्दार्थाचे प्रश्न पुस्तकी जगातून येतात. पावसाळ्यात कंटोळी कुठे उगवते, शेवळी कशी निवडायची, बिबट्याचा माग कसा ओळखायचा हे जाणणाऱ्या पाड्यावरील मुलाचे ज्ञान त्यात मोजले जात नाही. म्हणून जाणकार तपासनीस अशा मुलाच्या बाबतीत कृतीच्या चाचण्यांना अधिक वजन देतात, सूचना घरच्या बोलीत समजल्या आहेत ना याची खात्री करतात, आणि शाब्दिक गुण कमी आले तर त्याचे कारण अहवालात लिहितात. भारतीय भाषांसाठी स्वतंत्र चाचण्या तयार करण्याचे कामही झाले आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच आणला. तो हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या चार भाषांत आहे. वारलीसारख्या बोलीपर्यंत मात्र हे प्रयत्न पोचलेले नाहीत. तेथे तपासनीसाच्या विवेकावरच सारी भिस्त असते.

८५ चा उंबरठा

बुद्धिगुणांकाची सरासरी १०० धरली जाते. २०१८ च्या सूचनांनुसार गुणांक ८५ हून अधिक असल्यासच अध्ययन अक्षमतेची पुढील तपासणी करावयाची होती. ७० हून कमी गुणांक आणि दैनंदिन व्यवहारातही मर्यादा असलेल्या मुलांसाठी बौद्धिक अक्षमतेचा वेगळा प्रवर्ग कायद्यात आहे. मधल्या, म्हणजे ७० ते ८४ गुणांकाच्या मुलांचे काय, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. संख्याशास्त्राच्या हिशेबाने सुमारे १४ टक्के मुले या पट्ट्यात येतात. ५० मुलांच्या वर्गात ही संख्या सात होते. यांना ‘मंदगतीने शिकणारी’ म्हटले जाते. ती बौद्धिक अक्षमतेच्या प्रवर्गात येत नाहीत आणि अध्ययन अक्षमतेच्याही नाही.

येथेच भाषेचा आणि चाचणीचा प्रश्न परत उभा राहतो. ज्या मुलाचा गुणांक अनोळखी शब्दांमुळे ८८ ऐवजी ८२ भरला, ते सहा गुणांनी हक्काला मुकते. ‘डीएसएम’च्या पाचव्या आवृत्तीने हा उंबरठा बराच खाली, ७० च्या आसपास आणला आहे. वाचनातील अडचण असलेल्या मुलांना ध्वनी व अक्षरांच्या पद्धतशीर सरावाचा उपयोग होतो, मग त्यांचा गुणांक ९५ असो वा ८०, हे त्यामागील एक कारण आहे. म्हणूनच पालकांनी केवळ गुणांकाचा आकडा न विचारता, तो कोणत्या चाचणीने, कोणत्या भाषेत काढला आणि शाब्दिक व कृतीच्या भागांचे गुण वेगवेगळे किती आहेत, हे अवश्य विचारावे. शंका असल्यास फेरतपासणी मागता येते.

पाड्यापासून रुग्णालयापर्यंत

शीव येथील लोकमान्य टिळक, परळचे केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिका रुग्णालयांत अशा मुलांच्या तपासणीची व प्रमाणपत्राची सोय अनेक वर्षांपासून आहे. उपनगरांतील खासगी मानसशास्त्रज्ञांकडे हीच तपासणी लवकर होते, पण तिला काही हजार रुपये पडतात. शिवाय शासकीय सवलतींसाठी अधिकृत वैद्यकीय मंडळाचेच प्रमाणपत्र लागते.

केईएमला जावयाचे तर पाड्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत पायी, तेथून बसने गोरेगाव स्थानक, लोकलने प्रभादेवी आणि पुन्हा पायी, असा प्रवास होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे येथून मेट्रोची तिसरी मार्गिका सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मुंबई सेंट्रलमार्गे कफ परेडपर्यंत पोचली. त्यामुळे नायर रुग्णालयाचा रस्ता सोपा झाला आहे. पण खरी अडचण भाड्याइतकीच दिवसाच्या मजुरीची आहे. घरकाम, मजुरी किंवा भाजीविक्री करणाऱ्या आईला चार-पाच खेपा म्हणजे चार-पाच दिवसांचा बुडालेला रोज. एखादी तारीख चुकली की पुढची कधी मिळेल याची शाश्वती नसते. अर्धवट राहिलेली तपासणी ही न झालेल्या तपासणीसारखीच असते.

यावर मार्ग आहे तो शाळेच्या पातळीवर. दृष्टी व श्रवणाची तपासणी शाळेच्या आरोग्य तपासणीत होऊ शकते. वाचन-लेखनाचा तपशील शिक्षक स्वतः नोंदवू शकतात. या दोन गोष्टी तयार असतील, तर रुग्णालयातील एक-दोन खेपा वाचतात. फिरती तपासणी पथके पाड्यांजवळच्या शाळांत आली, तर हा भार आणखी हलका होईल.

प्रमाणपत्राने काय मिळते?

प्रमाणपत्र मिळाल्यावर विद्यार्थ्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे अशा सवलती मिळू शकतात. केंद्राच्या २०१८ च्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांत जादा वेळ ताशी किमान २० मिनिटे धरलेला होता. महाराष्ट्रात बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित व कार्यानुभव, किंवा एका भाषेऐवजी दुसरा विषय घेण्याचीही मुभा देण्यात आली. ती घेताना मात्र पुढील शिक्षणाचा विचार हवा. दहावीत गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्याला विज्ञान शाखेचा रस्ता अवघड होतो. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज आता केंद्राच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावरून करावा लागतो. २०१८ च्या सूचनांनुसार वयाच्या १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी आणि १८ व्या वर्षीचे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी, अशी योजना होती.

ही सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे, हे न्यायालयांनीही सांगितले आहे. डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला २०२१ च्या ‘नीट’ परीक्षेत जादा एक तास नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयानंतर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परीक्षा केंद्रावरील कर्मचाऱ्यांच्या अज्ञानाची किंमत विद्यार्थिनीने मोजणे योग्य नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये परीक्षा घेणाऱ्या संस्थेस भरपाईचा मार्ग शोधण्याचे आदेश दिले.

तरीही प्रमाणपत्र हा उपचार नव्हे. खरा उपाय उपचारात्मक अध्यापनाचा आहे. शब्दातील ध्वनी सुटे करणे, अक्षर बोटाने गिरवीत उच्चारणे, जोडाक्षरे टप्प्याटप्प्याने शिकणे, गणितात मणी-काड्या हाताळून मग अंकांकडे वळणे, असा सराव आठवड्यातून काही तास, पुष्कळ महिने चालावा लागतो. तो जितक्या लवकर सुरू होईल तितका लाभ अधिक. दोन वर्षे मागे पडल्याशिवाय निदान नाही, या जुन्या निकषाचा तोटा येथे दिसतो. मूल नापास होण्याची वाट पाहण्यात शिकण्याची उत्तम वर्षे निघून जातात. अनेक पालक तर नववीत, दहावीच्या सवलतींसाठी प्रथम रुग्णालयात येतात. तेव्हा गुण वाढविण्याची सोय होते, वाचन सुधारण्याची वेळ मात्र बरीचशी टळलेली असते.

या विलंबाची किंमत अलीकडे वाढली आहे. राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी पुन्हा वार्षिक परीक्षा लागू केली. फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसावे लागते. अडचण न ओळखलेल्या मुलाला तेच पुस्तक त्याच पद्धतीने आणखी एक वर्ष शिकविल्याने ते वाचू लागत नाही. आदिवासी पाड्यावरील मुलाच्या बाबतीत हे वाया गेलेले वर्ष शाळा सुटण्याचे निमित्त ठरू शकते.

पालक व शिक्षकांनी काय करावे?

दुसरीच्या अखेरीस मुलाला साधे शब्द जुळवून वाचता येत नसतील, तर ‘मोठे झाल्यावर येईल’ म्हणून थांबू नये. प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. मुलाच्या जुन्या वह्या, प्रगतिपुस्तके, आजारांचे कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. वह्यांतील चुका तपासनीसाला चाचणीइतकेच सांगून जातात. घरची बोली कोणती, मूल कोणत्या वर्षी किती महिने शाळेत गेले नाही, घरात आणखी कोणाला वाचनाचा असा त्रास होता का, हे आठवून सांगावे, कारण ही अडचण पुष्कळदा कुटुंबात चालत आलेली असते. शिक्षकांनी ‘लक्ष देत नाही’ एवढे न लिहिता, मूल कोणत्या इयत्तेचे पुस्तक वाचू शकते, मिनिटाला साधारण किती शब्द वाचते, तोंडी उत्तर बरोबर देऊन लेखी चुकते का, हे लिहून द्यावे. तोंडी हुशार आणि लेखी कोरे, ही या अक्षमतेची सर्वांत ओळखीची खूण आहे.

आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत शिकविणे थांबवू नये. उतारा मोठ्याने वाचून दाखविणे, फळ्यावरचे उतरवून घेण्यास अधिक वेळ देणे, तोंडी उत्तरे स्वीकारणे, वर्गासमोर सक्तीने वाचावयास न लावणे, यांसाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नसते. अक्षमता निघाली नाही, तरी या उपायांनी कोणाचे नुकसान होत नाही. ती निघाली, तर तेवढे महिने मुलाच्या पदरात पडलेले असतात.